कौसाबाईनं सरकारला दिलेलं उत्तर

सन दोन हजार अठरा. मला चौसष्टावं चालू होतं, परतूरच्या एका जिनिंगात तेलपाण्याच्या कामावर होतो, आणि माझ्या हातचा जन्मातला एकुलता एक कागद सरकारकडं गेला तो त्या साली. अक्षर माझं, पण त्यातला बोल एकूणएक कौसाबाईचा. मी शिकलेला म्हणाल तर चौथीत बसलेला; पास झालो का न्हाई ते मास्तरांना ठाऊक. पण अक्षर ठळक हाये आणि लिहितो ते खरं लिहितो. म्हणून कौसाबाईबद्दल बी मीच लिहितो. दुसरं कुणी लिहिणार न्हाई, आणि लिहिलंच तर तिला बिचारी करून टाकील. ती बिचारी बिलकुल नव्हती.

आमच्या जिनिंगात कापूस वेचणाऱ्या बायांची जी टोळी होती, तिची कौसाबाई मुकादमीण. गाडीतून आलेला कापूस पट्ट्यावर चढायचा, दोन्ही अंगाला बाया उभ्या राहून त्यातली काडी, पाला, किडकी बोंडं वेचून काढायच्या, आणि साफ झालेला कापूस पुढं मशीनीत जायचा. तिथं सरकी वेगळी, रुई वेगळी. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. मशीनी चालू असल्या की शेजारच्या माणसाचं तोंड हलताना दिसायचं, शब्द ऐकू यायचा न्हाई. कौसाबाईचा तेवढा यायचा. ठेंगणी, रुंद, दात मिश्रीनं काळे, हातावर हिरवं गोंदण, आणि छातीतून असा आवाज काढायची की मॅनेजर ऑफिसात दचकायचा.

सगळ्यांना तिनं आपली नावं ठेवली होती. मी मशीनीला तेल घालायचो म्हणून मी तेलभाऊ. मॅनेजर गोड बोलायचा म्हणून तो माघारी गूळसाहेब. तो एकदा तिला म्हणला, "कौसाबाई, आत या, बसा, चहा घ्या." ही उंबऱ्यातच उभी.

"बोला की साहेब. इथून ऐकू येतंय."

"अहो पण आत यायला काय झालं?"

"आत आलं की माणूस खाली बघायला लागतं. मला मान दुखायचा आजार हाये."

शेवटी तोच उठून बाहेर आला. बायांना पाणी प्यायला सुट्टी वाढवून पाहिजे होती, ती बाहेरच उभ्या उभ्या मिळाली.

सकाळी पट्टा चालू करायच्या आधी ती एकेकीसमोर जायची. "पदर!" म्हणली की बाईनं गिरकी घेऊन कमरेला खोचलेला पदर दाखवायचा. "केस!" म्हणली की डोक्याचं फडकं दाखवायचं. काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत वर चढवून दोरीनं बांधायच्या. नव्या सुना लाजायच्या, हसायच्या. हसली की तिला त्या दिवशी मशीनीपासून लांब, ढिगाऱ्यावर काम. एका साली मालकाची धाकटी सून गाव बघायला आल्ती, ती जिनिंग बघायला बी आली. अंगावर झुळझुळीत ओढणी, मागं मालक, त्याच्या मागं मॅनेजर. कौसाबाईनं हात वर करून मला खूण केली. मी पट्टा बंद केला. सगळं एकदम गप्प झालं. ही पुढं गेली, त्या पोरीची ओढणी धरली, कमरेला दोनदा गुंडाळली आणि गाठ मारली.

मॅनेजर ओरडला, "अगं काय करून राह्यली? मालकाच्या सूनबाई हायेत त्या!"

"मशीनीला सून कळत न्हाई साहेब. कापड कळतं."

मालक हसला, सूनबाई बी हसली. मॅनेजर हसला न्हाई. कौसाबाईनं मला खूण केली, मी पट्टा चालू केला.

आता तिची एक चाल सांगतो. पुढचं सगळं तिच्यावरच आलं. कौसाबाई म्हणायची, पट्ट्यावरची जागा बाईची न्हाई, घराची. कुणी आजारी पडलं, बाळंतपणाला गेलं, म्हातारं झालं, तर त्याच घरची दुसरी बाई येऊन त्या जागी उभी राहायची. नणंद, जाऊ, लेक, सून, कुणी बी. हजेरीत नाव मात्र पहिलंच राहायचं. कारण असं की मागं एकदा एक बाई बाळंत झाली, ऑफिसानं तिचं नाव कापलं, आणि ती परत आली तवा तिच्या जागी मॅनेजरच्या गावाकडची कुणी तरी उभी. त्या बाईचं घर त्या साली उठून पुण्याकडं गेलं. तवापासून कौसाबाईनं एक बी नाव कापू दिलं न्हाई. हजेरी घेताना कारकून नाव पुकारायचा, जी कुणी उभी असंल ती 'हजर' म्हणायची. ऑफिसाला ठाऊक होतं का? बराबर ठाऊक होतं. त्यांना काम पाहिजे होतं, तोंड कुणाचं का असंना.

गयाबाई म्हणून एक होती, आमच्याच गल्लीकडची. काविळीनं गेली. माती झाली आणि थोड्या दिवसांत कौसाबाई तिच्या सुनेला घेऊन आली. सुनिता तिचं नाव. काटकुळी, डोळे मोठे, बोलायची कमी. कौसाबाई कारकुनाला म्हणली, "ही गया." कारकुनानं मान हलवली. झालं.

मला ते पटलं न्हाई. मी तोंडावर बोलणारा माणूस हाये. मी म्हणलो, "कौसाबाई, जित्या बाईचं नाव चालवती ते ठीक. मेलेलीचं नको. चांगलं नसतं ते."

"गया मेली, तेलभाऊ. तिच्या घरची भूक मेली का?"

पुढं संक्रांतीला मालकाकडून बायांना साड्या वाटल्या. मॅनेजर स्वतः खुर्ची टाकून बसला होता, नाव घेऊन साडी देत होता. "गयाबाई!" म्हणला, सुनिता उठली. मॅनेजरनं तिच्याकडं बघितलं, हसला, म्हणला, "गयाबाई, तुम्ही तर तरण्या होत चालल्या!" सगळ्या बाया खो खो हसल्या. सुनिता बी हसली. जिनिंगात सगळे तिला गयाच म्हणायचे. मी बी.

विम्याचं बी असंच. हंगामाच्या सुरुवातीला मॅनेजर एक माणूस घेऊन यायचा. तो नावं वाचायचा, बाया हजर म्हणायच्या, तो लिहून न्यायचा. मंग फाटकावर पाटी लागली, 'येथील सर्व कामगारांचा विमा उतरविला आहे.' कौसाबाईनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"म्हणजे काय झालं तर सरकार बघतंय?"

"सरकार न्हाई, विमा कंपनी. पण कायदा सरकारचा."

"तेच ते." आणि बायांकडं वळून म्हणली, "ऐकलं का गं? आपल्यावर छत्री हाये."

माघ महिना होता. कापूस ओलसर आल्ता. असा कापूस पट्ट्याच्या टोकाच्या रुळाला गुंडाळी धरतो. त्या रुळावर लोखंडी जाळी होती, ती मॅनेजरनं काढून ठेवायला लावल्ती, कारण दरवेळी गुंडाळी काढायला नटबोल्ट खोलावे लागायचे आणि काम थांबायचं. मी त्याला म्हणलो होतो, जाळी बसवा. म्हणला, हंगाम उरकू द्या. परत म्हणलो, तर म्हणला, तुम्ही तेलाचं बघा. दुपारच्या पाळीत सुनिता टोकाला होती. गुंडाळी ओढायला तिनं हात घातला. पदर खोचलेला होता, केस बांधलेले होते, बांगड्या वर होत्या. कौसाबाईचा एक बी नियम तिनं मोडलेला नव्हता. मी खटका पाडला. पण मशीन खटका पाडला की लगेच थांबत न्हाई.

त्यापेक्षा जास्त मी लिहीत न्हाई. जालन्याच्या दवाखान्यात तिचा उजवा हात कोपराच्या वरून काढला.

सुनिताचा नवरा दगडू परतूरच्या अडत बाजारात हमाल. सरळ माणूस. त्याला कुणी तरी सांगितलं, कामगार ऑफिसात अर्ज टाक. त्यानं टाकला. मंग तिथून जिनिंगाला सरकारी पत्र आलं. तुमच्याकडं काम करणारांचा नुकसानभरपाईचा विमा हाये का, असंल तर नावांसकट कळवा, आणि सुनिता नावाच्या बाईला दुखापत झाली तिचं काय ते कळवा. जिनिंगानं उत्तर दिलं. मॅनेजर ते फाटकाशी घेऊन आला, आम्हांला वाचून दाखवलं. आमच्या सर्व कामगारांचा विमा आहे, यादी सोबत जोडली आहे. सुनिता नावाची कोणी कामगार आमच्याकडे नाही. बाया आम्ही मुकादमामार्फत घेतो, मुकादमाला विचारावे.

वाचून झाल्यावर म्हणला, "कौसाबाई, यात खोटा शब्द कोणता, तेवढा दाखवा."

कागदावरनं बघितलं तर खोटा शब्द एक बी नव्हता.

मॅनेजर मंग आवाज खाली आणून म्हणला, "तुम्हांला पत्र येईल. इतकंच सांगा, ती कुणाला तरी भाकरी द्यायला आल्ती. तुमची टोळी राहील. दवाखान्याचं आम्ही बघू काही तरी."

"काही तरी म्हणजे?"

"माणुसकीनं."

"हां," कौसाबाई म्हणली. "ती मशीनीत गेली तवा जाळी काढून ठेवल्ती. माणुसकी बी तिथंच ठेवली असंल. सापडली तर बघा."

पत्र आलं. पोस्टमननं तिचा अंगठा घेऊन तिच्या हातात दिलं, आणि ती तशीच माझ्या घरी आली. येताना दुकानातून लांब कागद आणि नवा पेन घेऊन आल्ती. ओट्यावर बसली. माझी बायको चहा ठेवायला आत गेली.

"तेलभाऊ, सरकारनं मला इचारलंय."

"काय इचारलंय?"

"ते तू वाच. मला इतकंच कळतंय की मला इचारलंय. आजवर कुणी इचारलं नव्हतं."

मी वाचलं. सदर महिला आपल्या टोळीत काम करीत होती काय, कोणत्या नावाने, तिचा विमा होता काय, याबाबत खुलासा करावा.

"खुलासा म्हणजे?"

"खरं काय ते उघड करून सांगणं."

"मंग लिही. आधी नमस्कार घाल."

"सरकारला असा नमस्कार घालत न्हाईत. स. न. वि. वि. लिहितात."

"ते काय आणि?"

"सप्रेम नमस्कार विनंती विशेष."

"मंग नमस्कारच झाला की! तुकडे करून काहून घालतो? चांगला पुरा घाल."

मी पुरा घातला. मंग ती बोलत गेली, मी लिहीत गेलो. सुनिता आमच्या टोळीत होती. गयाच्या जागी होती. गया तिची सासू, ती वारली. मॅनेजरला ठाऊक होतं, संक्रांतीची साडी त्यानंच दिली. हात जिनिंगातच गेला, दुपारच्या पाळीत, जाळी नव्हती. विमा गयाच्या नावचा होता, पण कामावर सुनिता होती, तर तो सुनिताला द्यावा. मी म्हणलो, "झालं. इतकं बास." ती म्हणली, "थांब. आता सगळ्यांची नावं लिही."

"सगळ्यांची? काहून?"

"एकीचंच लिहिलं तर सरकार म्हणंल ही बाई चोर. सगळ्यांचं लिहिलं तर कळंल, ही चोरी न्हाई, चाल हाये."

"कौसाबाई, टोळी जाईल ह्यानं."

"सरकार काय येडं हाये का? म्हणंल, नावं बराबर करून घ्या, विमा नव्यानं काढा. उलट सगळ्यांचंच बरं होईल. आता इचारलंच हाये तर पुरं सांगू."

आतून माझी बायको चहा घेऊन आली. ती म्हणली, "आक्का, माझं ऐका. जेवढं इचारलं तेवढंच सांगावं माणसानं."

"तू चहा दे गं."

आणि ती सांगायला लागली, डोळे मिटून, पट्ट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जशा बाया उभ्या राहतात तशा. पारूच्या जागी तिची नणंद. शांताच्या जागी तिची लेक. जनाच्या जागी जना हाये, पण हजेरीत तिच्या आईचं नाव. यमुनेच्या जागी जाऊ, आणि जाऊ गावाला गेली की जावेची बहीण. मी लिहिता लिहिता थक्क झालो. आख्ख्या पट्ट्यावर आपल्या नावानं उभी असलेली बाई मिळेना.

सगळं झाल्यावर मी म्हणलो, "आणि खाली मुकादम कौसाबाई, असं लिहू?"

तिनं चहाची बशी खाली ठेवली.

"कौसा माझ्या थोरल्या जावेचं नाव. तिला जाऊन जमाना झाला. मी तिच्या जागी आले."

मी पेन खाली ठेवला. इतकी वर्षं मी तिला हाक मारत होतो.

"मंग तुझं नाव काय?"

"द्रुपदा." आणि हसली, तोंडावर पदर घेऊन, नवी नवरी नाव घेताना हसती तशी. "लई दिवसांनी घेतलं बघ. ते बी लिही. सरकारपासून काय लपवायचं?"

लिहिलं. तिनं डावा अंगठा उठवला. खाली मी 'लिहिणार' म्हणून माझी सही केली, पुऱ्या नावानं, ठळक. दुसऱ्या दिवशी तिनं ते रजिस्टरानं पाठवलं.

कौसाबाईला वाटलं होतं, सरकार म्हणजे गावातलं एखादं मोठं माणूस. त्याला सगळी हकिकत सांगितली की ते म्हणंल, बरं बाई, समजलं. तिच्या त्या उत्तराची नक्कल जिनिंगात आली आणि मॅनेजरला जे पाहिजे होतं ते तिनंच आपल्या अंगठ्यानं दिलेलं निघालं. मुकादमानं आम्हांला फसवलं, खोट्या नावानं बाया घातल्या, आम्ही अंधारात होतो. विमा कंपनी म्हणली, आमच्या यादीतली एक बी बाई जखमी न्हाई, आमचा संबंध न्हाई. आठवडा व्हायच्या आत टोळी बंद. बाहेरच्या ठेकेदाराची टोळी आली, ट्रकात बसून. त्यांचे अंगठे हजेरीच्या मशीनीवर घेतले.

जुन्या टोळीतल्या बाया कौसाबाईच्या दारात गेल्या. मी तिथंच होतो, समाचाराला गेल्तो. पारूची नणंद सगळ्यात पुढं.

"सरकारनं तुला इचारलं होतं. आमची नावं काहून सांगितली गं?"

"तुमच्याच भल्यासाठी..."

"भलं झालं का? सांग ना, झालं का? माझी लेकरं तुझ्या चुलीवर आणून बसवू?"

मागून दुसरी ओरडली, "मोठी मुकादमीण! नाव सुद्धा दुसरीचं घेऊन फिरती आणि आमची उघडी पाडती."

ज्या बाईपुढं मॅनेजर उठून बाहेर यायचा, ती बाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सगळं ऐकून घेतलं. शेवटी इतकंच म्हणली, "बराबर हाये तुमचं." त्यांना भांडण पाहिजे होतं, ते बी तिनं दिलं न्हाई. त्या थुंकून निघून गेल्या.

उन्हाळ्यात तारीख लागली. नवीन जालन्यात, बियाण्याच्या कंपन्यांची ऑफिसं हायेत त्या बाजूला, वरच्या मजल्यावर. कौसाबाई, सुनिता, दगडू आणि मी, असे सकाळच्या गाडीनं गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण कागद माझ्या अक्षरात होता, म्हणून मी गेलो. सुनितानं पदर उजव्या खांद्यावरून घेतला होता. गाडीत एका म्हाताऱ्यानं तिला शेंगा दिल्या, तिनं सवयीनं उजवा खांदा पुढं केला, मंग डावा हात पुढं केला. कौसाबाई खिडकीबाहेर बघायला लागली.

साहेब तरणा होता, वाईट नव्हता. पंखा बंद होता, तो कागदानं वारा घेत होता. जिनिंगाचा वकील उभा राह्यला, म्हणला, "साहेब, नोटीस कौसाबाईला काढली होती. कौसाबाई मयत आहे. ह्या बाई स्वतःच लिहून देतात की त्या द्रुपदाबाई आहेत. मग खुलासा कुणाचा मानायचा?"

साहेबानं कागद उलटापालटा केला. "मावशी, हे खरंय?"

"खरं हाये. मीच सांगितलं की."

मी उठलो. म्हणलो, "साहेब, मी चोवीस तास मशीनीवर असतो, मी डोळ्यांनी बघितलं हाये, ही पोरगी..."

"तुमचं नाव?"

सांगितलं.

"तुम्हांला नोटीस आहे का?"

"न्हाई."

"मग बसा काका."

बसलो. आयुष्यात मला कुणी बस म्हणलं म्हणून मी बसलो असं फार झालं न्हाई. त्या दिवशी बसलो.

साहेब सुनिताला म्हणला, "बाई, तुम्ही तिथं कामाला होता याचा काही पुरावा? पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, काही तरी?"

कौसाबाई म्हणली, "पुरावा होता साहेब. तो त्यांच्याच मशीनीत गेला."

साहेबानं पेन खाली ठेवला. वकील बी आपल्या बुटांकडं बघत होता. मंग साहेबानं पेन उचलला. "मला कळतंय, मावशी. पण मला लिहावं लागतं ते कागदावरून." त्यानं लिहिलं. त्याचा अर्थ असा निघाला की बाई जिनिंगाची कामगार होती हे इथं ठरत न्हाई, भरपाई पाहिजे तर वरच्या कोर्टात दावा लावा, वकील करा. आणि मुकादमावर बी जबाबदारी येऊ शकते.

जिन्यात कौसाबाईनं मला विचारलं, "म्हणजे सुनिताचा हात मी तोडला, असं लिहिलं का?"

"तसं न्हाई लिहिलं."

"बराबर सांग. तू खोटं सांगत न्हाईस."

मी म्हणलो, "तसं बी लिहिलं न्हाई, आणि तू तोडला न्हाईस असं बी लिहिलं न्हाई."



पावसाळा दगडूनं कसा काढला ते त्याला ठाऊक. सुनिताच्या तुटक्या हाताची जखम परत चिघळली. दवाखाना संपेना. वकिलाचा खर्चा कुठून आणायचा? दिवाळीच्या तोंडाला, नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी, मॅनेजरनं दगडूला बोलावून घेतलं. दवाखान्याचा खर्च देऊन जिनिंग तडजोडीला तयार होतं. माणुसकीनं. कागद तयार होता. सुनिता कधीच कामगार नव्हती, भाकरी द्यायला आल्ती, आपल्या चुकीनं मशीनीजवळ गेली. मुकादमबाईनं सरकारला दिलेलं उत्तर खोटं होतं, ऐकीव होतं. त्यावर सह्या पाहिजेत चौघांच्या, एक बी कमी पडली तर पैसे न्हाईत. सुनिता, दगडू, मुकादमीण, आणि उत्तर लिहिणार म्हणून मी.

मला मॅनेजरनं ऑफिसात बोलावून तो कागद दाखवला. मला कामावरून काढलं नव्हतं, कारण जुन्या मशीनी माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हत्या. मी पुरा वाचला. म्हणलो, "हे खोटं हाये. मी खोट्यावर सही करत न्हाई."

"काका, त्या गरिबाचं काम अडून राहील."

"जाळी तुम्ही काढली. अडवून मी राह्यलो काय?"

आणि निघून आलो. घरी बायकोला सांगितलं. तिनं ताटात भाकरी वाढली आणि आत गेली.

चार-सहा रोजांनी संध्याकाळी कौसाबाई आली. काखेत गाठोडं होतं. ओट्यावर बसली न्हाई, खालीच उभी राह्यली. लेकीकडं निघाली होती, घनसावंगीच्या अंगाला, गोदावरीकाठच्या गावात. परतूरात तिला कुणी कामाला उभं करत नव्हतं. म्हणली, "तिकडं कापूस वेचायला जाईन. वाकता येतं अजून."

मी म्हणलो, "सही केली का तू?"

"अंगठा दिला. सकाळीच. पोरीला डाव्या हातानं सही येत न्हाई, कागद सरकत होता. मी धरला."

"आपण खरं लिहिलं होतं, कौसाबाई."

"व्हय. अक्षर बी चांगलं होतं."

मला तिनं असं कधी म्हणलं नव्हतं. रस्त्यानं एक रिक्षा गेली, तिची धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं बी उभेच.

"तू राह्यला फक्त, तेलभाऊ."

"मी जन्मात खोट्यावर सही केली न्हाई."

"मला ठाऊक हाये. दुसरा असता तर मी इथवर आले नसते. त्यानं कधीच केली असती."

"मंग सरकारला आपण जे लिहिलं, ते काय होतं?"

"ते आपलं आपल्याला ठाऊक हाये ना? झालं तर मंग. त्या पोरीला आता खरं नको. तिला मलमपट्टी पाहिजे." आणि गाठोडं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. कर म्हणली न्हाई. हात जोडले न्हाईत. तिनं हात जोडले असते तर मी नक्कीच केली नसती, आणि तिला ते ठाऊक असावं.

मी तिला जीपपर्यंत सोडायला गेलो. जीप भरलेलीच होती. मागच्या आडव्या फळीवर दोन माणसांच्या मधे तिनं जागा केली, गाठोडं मांडीवर घेतलं. ड्रायव्हर ओरडत होता, अजून एक, अजून एक. एक शेवटचा माणूस मागं लटकला आणि जीप निघाली. तोंड माझ्याकडंच होतं तिचं. बाकीचे बोलत होते, हसत होते, आणि ती माझ्याकडं बघत होती, वळणापर्यंत. त्यानंतर मी तिला बघितलं न्हाई. गेल्या साली कळलं की गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि ऑफिसात गेलो. मॅनेजरनं कागद पुढं केला. म्हणला, परत वाचून दाखवू का? मी म्हणलो, नको. जिथं बोट ठेवलं तिथं सही केली, पुऱ्या नावानं, आणि तेलाचा डबा घेऊन कामाला लागलो.